दुधाच्या मुकुटाची वाकडी टोके (लेखांक सातवा)

दोन थेंबांची अधांतरी टक्कर घडवून पाण्याची छत्री कशी उभी करावी, हा विषय या आठवड्यास मुक्रर केला होता. परंतु साताऱ्याच्या एका वाचकभगिनींच्या पत्राने तो मुलतवी ठेवणे भाग पडले आहे. फ्लॅश एकचौसष्टांश शक्तीवर ठेवून, खोलीत पुरता काळोख करून आणि सलाईनच्या नळीतून दुधाचे थेंब सोडून त्यांनी अडीचशेच्या वर छायाचित्रे घेतली. ती सारी रेखीव उतरली. पण एकाही मुकुटाची टोके सारखी नाहीत, आणि हॅरॉल्ड एजरटन यांच्या १९५७ च्या लाल पार्श्वभूमीवरील सुप्रसिद्ध चित्राशेजारी आपले चित्र ठेवले की मन खट्टू होते, अशी त्यांची तक्रार आहे.

थोडा इलाज आहे. परात पाणसळ लावून समपातळीत आणावी, नळीचे टोक काटकोनात कापावे, आणि दूध गाळून घ्यावे. सायीचा एवढासा कण थरावर तरंगत असला तरी मुकुट त्या बाजूस खचतो. मात्र एवढे करूनही वाकडेपणा उरेल, आणि उरावाच.

नळीपासून सुटलेला थेंब गोल नसतो. पन्नास सेंटिमीटर खाली येण्यास त्याला जो सुमारे एकतृतीयांश सेकंद लागतो, तेवढ्यात तो आळीपाळीने लांबट व चपटा होत येतो. तो दुधाच्या पातळ थरावर आदळताच वर्तुळाकार भिंत उसळते, तिच्या काठाशी द्रव साचून जाड कडे बनते, आणि नळाची बारीक धार जशी खाली येता येता थेंबांत तुटते, तसे पृष्ठताणामुळे ते कडे जागोजागी फुगून टोके निघतात. कोणत्या जागी फुगायचे याचा फैसला इतक्या सूक्ष्म थरथरीवर अवलंबून असतो की तो आपल्या हुकमतीत येणे नाही.

आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची हकीगत येथे सांगितलीच पाहिजे. १८७० च्या दशकापासून हे गृहस्थ काळोख्या खोलीत थेंब पाडीत, नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडीत, आणि डोळ्यांत क्षणभर रेंगाळलेली आकृती विरण्यापूर्वी कागदावर उतरवीत. एका थेंबाचे एकच दर्शन, एकच रेखाटन. अशा शेकडो रेखाटनांतून त्यांनी उसळीची क्रमवार मालिका जुळविली, आणि तीत प्रत्येक मुकुट कंपासाने आखल्यासारखा सुडौल होता. पुढे १८९४ साली ठिणगीच्याच उजेडात छायाचित्रे घेणे त्यांना साधले, तेव्हा काचेवर मुकुट उमटले ते वाकडेतिकडे! जुनी टिपणे चाळता त्यांना आढळले की विषम आकृत्या पूर्वीही दिसल्या होत्या, परंतु त्या अपघाती समजून आपण बाजूस सारल्या आणि मनातील आदर्श उसळीच रेखाटीत राहिलो. ही चूक त्यांनी उघडपणे कबूल केली. १९०८ च्या त्यांच्या ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ या ग्रंथात छायाचित्रे भरली आहेत, ती आजही पाहावीत.

माझ्या संग्रहातील सर्वांत आवडत्या चित्रात मुकुटाची डावी कड जवळजवळ कोसळलेली आहे, आणि उजवीकडच्या एका टोकापासून मोहरीएवढा थेंब केसासारख्या तंतूने अद्याप लोंबतो आहे. साताऱ्याच्या भगिनींनी ती अडीचशे चित्रे पुसू नयेत. त्यांतील सर्वांत वाकडी तीन मला पाठवावीत. टकरीचे प्रकरण पुढील आठवड्यास घेऊ. तोवर ग्लिसरीनची एक बाटली आणून ठेवावी.