काळी मैना बांधावर यावी

करवंद म्हणजे रानमेवा, त्याची शेती कशाला, असा आपला समज आहे. एप्रिल-मे महिन्यांत घाटरस्त्यांवर ‘डोंगरची काळी मैना’ पानांच्या द्रोणांतून विकली जाते आणि पावसाबरोबर तिचा विषय संपतो. वास्तविक इतके काटक झुडूप लागवडीला सहसा मिळत नाही. मुरमाड वरकस जमिनीत ते पावसाच्या पाण्यावर तगते आणि बांधावर लावले की काटेरी कुंपणही होते. हिरव्या फळाचे लोणचे, पिकलेल्याचे सरबत, आणि पेक्टिन भरपूर असल्याने जेलीही उत्तम जमते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही जातही काढली आहे. तरी सह्याद्रीत जाळीजाळीला जेवढी विविधता आहे, ती एका जातीत मावणारी नाही. एक जाळी गोड, शेजारची आंबट आणि चिकाळ. बियांची रोपे एकसारखी निघत नाहीत, म्हणून चांगली जाळी हेरून तिची गुटी कलमे करावी लागतात.

हेरायचे कोणी? अमेरिकेतली ब्लूबेरीही एकेकाळी रानातूनच वेचली जाई. न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांनी वेचणाऱ्या माणसांनाच मोठ्या फळांची झुडपे दाखवण्याचे पैसे दिले आणि शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्यासह १९१६ मध्ये लागवडीचे पहिले पीक बाजारात आणले. आपल्याकडे हे ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायांकडे आहे.

मग बागा झाल्यावर त्यांचेच पोट मारले जाणार नाही का? हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पिकलेले करवंद फार टिकत नाही, त्यामुळे घाटातला ताज्या फळाचा धंदा दूरच्या बागेला सहज हिसकावता येणार नाही. कारखान्याला मात्र कच्चे फळ ढिगाने लागते. ते रानातून ओरबाडले तर पिकायला काही उरणारच नाही, ना विकणारीला, ना पाखरांना. खरा धोका वेगळाच आहे: जाळी दाखवणारी बाजूला आणि नफा रोपवाटिकेचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मानली. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ज्ञान देणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. तेव्हा ग्रामपंचायतींनी चांगल्या जाळ्या, त्या दाखवणाऱ्यांच्या नावासह, जैवविविधता नोंदवहीत आधी नोंदवाव्यात. कलमे नंतर बांधावीत, आणि पहिली त्यांच्याच वरकसावर लावावीत.