राउटरमधील सेवा-अवरोध : रांगेतील न सुटणाऱ्या जागा

संगणकजालाची सेवा बंद पाडण्याचे दोन मार्ग संभवतात. पहिला बळाचा. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट-सेवादारांच्या जालांवर निरर्थक माहितीचा प्रचंड लोंढा सोडण्यात आला, हे त्याचे आपल्याकडील उदाहरण होय. दुसऱ्या मार्गास बळ लागत नाही. यंत्राच्या आज्ञावलीतील एखादी चूक पुरते. अभ्यासकास हा दुसरा प्रकारच अधिक बोधप्रद वाटावा. सिस्को कंपनीने जुलै २००३ मध्ये आपल्या राउटरांच्या ‘आयओएस’ आज्ञावलीतील जो दोष जाहीर केला, तो या प्रकारात मोडतो.

राउटरकडे येणारी बहुतेक पॅकेटे परस्पर पुढे रवाना होतात. काही थोडी मात्र प्रक्रियकापुढे न्यावी लागतात, व तोवर ती त्या जोडणीच्या आवक-रांगेत थांबतात. या रांगेत सामान्यतः ७५ जागा असत. कापसाच्या हंगामातील कारंजा लाडच्या बाजार-आवाराची कल्पना करावी. फाटकातून गाडी आत येते, काट्यावर जाते, जागा मोकळी होते. आता एखाद्या गाडीची चिठ्ठी कारकुनास उलगडली नाही, आणि त्याने ती ना काट्यावर घेतली ना परत धाडली, तर ती जागा कायमची अडली. आवारात ७५ गाड्या मावत असतील, तर अशा तेवढ्याच गाड्यांनी फाटक बंद होते.

राउटरमध्ये नेमके हेच घडले. प्रोटोकॉल-क्रमांक ५३, ५५ व ७७ यांची पॅकेटे आयुर्मानाचा आकडा १ किंवा ० उरला असता पोचली, अथवा १०३ क्रमांकाची कोणत्याही आकड्यासह पोचली, तर त्यांनी व्यापलेली जागा सुटत नसे. (१०३ हा बहुप्रेषणाच्या ‘पिम’चा क्रमांक, ज्या जोडणीवर तो चालू असे, तिला त्यापासून बाधा नव्हती.) रांग भरली की जोडणी मुकी होई.

दृष्टान्त येथे अपुरा पडतो. बाजारात गाडीवान ओरडले असते. राउटर मात्र ना इशारा देई, ना आपण होऊन पुन्हा सुरू होई. शिवाय इथरनेटवर शेजारील यंत्रांचे पत्ते सामान्यतः चार तास स्मरणात राहतात. ते गळाल्यावर तेथील वाहतूक पूर्णच थांबे. तोवर कारण आणि परिणाम यांचा संबंध जोडणे व्यवस्थापकास दुर्घट झालेले असे.

सुधारित आज्ञावली बसविणे हा खरा उपाय. तोवर राउटरच्या स्वतःच्या पत्त्याकडे येणारे हे चार क्रमांक प्रवेश-यादीने अडवावेत, असा सल्ला होता.

परीक्षणाचा प्रश्न मात्र उरतो. भारवृद्धीच्या चाचणीत हा दोष दिसला नसता, कारण तेथे केवळ परिचित पॅकेटेच अधिक संख्येने सोडली जातात. प्रोटोकॉल-क्रमांक व आयुर्मान ही दोन्ही क्षेत्रे प्रत्येकी ८ बिटांची. त्यांचे संयोग ६५,५३६. प्रत्येक संयोगाचे पॅकेट पाठवून नंतर रांगेतील आकडा शून्यावर परततो की नाही, एवढेच पाहावयाचे होते.