सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाब

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं पसरलेले आहेत. माहुलीच्या रानांत आणि माळशेज घाटाखालच्या वाड्यांत राहणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांना झाडपाल्याचें ज्ञान वाडवडिलांकडून मिळालेलें असतें. शहापूरच्या कातकऱ्यांनीं गोळा केलेली गुळवेल मोठमोठ्या औषधी कारखान्यांस गेलेली आहे. तेव्हां शहरांतील सुशिक्षित कुटुंबासही वाटतें, कीं रक्तदाबावर रानांतलीच एखादी मुळी कां असूं नये?

तशी मुळी आहे, आणि तिची परीक्षा मुंबईंतच झाली. सर्पगंधा हें कोकणच्या पावसाळी रानांत होणारें लहानसें झुडूप. फुलें पांढरीं, देंठ लालसर. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिच्या मुळीनें रक्तदाब उतरतो असें प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग केला. तो १९४९ सालीं विलायतेंतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत छापून आला, तेव्हां कोठें पाश्चात्त्य वैद्यकाचें तिकडे लक्ष गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मुळींतून रिसर्पिन वेगळें काढण्यांत आलें. मज्जातंतूंच्या टोकांशीं रक्तवाहिन्या आवळणारें जें द्रव्य सांठलेलें असतें, त्याचा सांठा रिसर्पिन रिता करतें; वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो.

परंतु असाच सांठा मेंदूंतही रिता होतो. मात्रा वाढली कीं मन खिन्न होतें, नाडी मंदावते, नाक चोंदतें. शिवाय दर मुळीगणिक द्रव्याचें प्रमाण निराळें. बाजारच्या चिमूटभर चूर्णांत तें किती, हें विकणारासही ठाऊक नसतें. डॉक्टरी गोळीचें वजन तरी ठरलेलें असतें. रक्तदाब हा तर मुका रोग. डोकें दुखत नाहीं म्हणून चालू गोळी सोडून चूर्ण धरणारास पुढें पक्षाघात गांठूं शकतो. आणि मूळ उपटलें कीं झुडूपही गेलें! म्हणूनच १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

घरगुती उपायांत लसणीनें दाब थोडासा उतरतो, गोळीची जागा ती घेऊं शकत नाहीं. खोकल्यावरचा गोड ज्येष्ठमध रोज चघळल्यास उलट दाब चढवतो, हें फार थोड्यांस माहीत असतें. खरा लाभ मीठ कमी करण्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमीच, मीठ पोटांत जावें. लोणचें, पापड, सुका बोंबील यांतील मीठ त्यांतच धरावयाचें. सैंधवही बहुतांशीं तेंच मीठ होय. पोटॅशियमयुक्त मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रोग्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.