फोनचा कान आणि खाडीचं मीठ

आषाढातली दुपार होती. पनवेल तालुक्यातल्या गव्हाण गावात एका घराच्या पडवीत काकी सुका जवळा निवडत बसल्या होत्या. एका कानात इअरफोनचं बोंड, दुसरं खांद्यावर लोंबणारं, आणि शेजारी पाटावर फोन. भजन चालू होतं. मध्येच ते थांबलं, फोनने ‘टुंग’ असा आवाज केला आणि पडद्यावर माइकचं चित्र उमटलं. काकींचे दोन्ही हात जवळ्यात होते. त्या काही बोलल्याही नव्हत्या. तरी आतल्या खोलीतल्या टीव्हीवरचं बोलणं फोन टिपू लागला आणि पडद्यावर त्याचे तुटके शब्द दिसू लागले.

“यो फोन मना न इचारता कोनाला पन फोन लावतं,” काकी म्हणाल्या. आठवड्यात दोनदा जावयाला रात्री अकरानंतर फोन गेला होता. कोणी म्हणालं, फोन हॅक झालाय. कोणी म्हणालं, सगळं पुसून नव्याने चालू करा. मुलगा तर नवा फोन घ्यायच्या तयारीत होता.

मी इअरफोनची पिन बाहेर काढून उजेडात धरली. तिच्यावरच्या काळ्या कड्यांवर पांढुरका, चिकट थर होता. बोटाला तो ओलसर लागला. घोटाळा तिथेच होता.

तारेतून गेलेली हाक

माइक असलेल्या तारेच्या इअरफोनची पिन नीट पाहा. तिच्यावर तीन कडी असतात आणि त्यांच्यामुळे धातूचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे डाव्या-उजव्या कानासाठी, एक माइकसाठी आणि एक सगळ्यांचा सामाईक परतीचा मार्ग. म्हणजे तारेवरच्या बटणासाठी वेगळी तार नसतेच. बटण माइकच्याच वाटेवर बसवलेलं असतं.

मग बटण दाबलेलं फोनला कळतं कसं? फोन माइकच्या वाटेवर सतत थोडासा विद्युतदाब ठेवतो आणि तिथला विरोध मोजत राहतो. अँड्रॉइड फोनसाठी ठरवलेल्या मानकात याचे आकडे दिलेले आहेत. नुसत्या माइकचा विरोध 1000 ओहम किंवा त्याहून जास्त हवा. तो 70 ओहमच्या आत आला, तर मधलं बटण दाबलं गेलं असं फोन समजतो. 210 ते 290 ओहम म्हणजे आवाज वाढवा, 360 ते 680 ओहम म्हणजे आवाज कमी करा. मधलं बटण थोडक्यात दाबलं तर गाणं थांबतं किंवा फोन उचलला जातो. तेच दाबून धरलं तर व्हॉइस असिस्टंट जागा होतो. शिवाय 110 ते 180 ओहमची एक पट्टी राखून ठेवलेली आहे आणि काही फोनमध्ये तीही थेट आवाजी हुकमासाठी वापरली गेली.

फोनला आपलं बोट दिसत नाही, त्याला फक्त हा विरोध कळतो. माइकचा तुकडा आणि परतीचा तुकडा यांच्यामध्ये ओलाव्याचा एक पूल तयार झाला, तर फोनच्या लेखी कोणीतरी बटण दाबून धरलेलं असतं. थर वाळत जातो तसा विरोध बदलतो. म्हणून कधी आवाज आपोआप वाढतो, कधी कमी होतो, कधी गाणं थांबतं आणि कधी माइकचं चित्र उगवतं. काकींच्या फोनमध्ये ही सगळी लक्षणं होती. रात्री टीव्हीवरच्या कुठल्या बोलण्यातून त्याने जावयाचं नाव उचललं असेल, ते आता सांगता येणार नाही.

पण काकींचा फोन पावसात भिजलाच नव्हता. मग ओलावा आला कुठून? त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्यात स्वतः विरघळू लागतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते त्याहून कमी आर्द्रतेत पाणी धरतात. खाडीकाठच्या गावात जुलैची हवा 75 टक्क्यांच्या खाली क्वचितच उतरते. कानाजवळच्या घामातलं मीठ, खाऱ्या वाऱ्यातलं मीठ आणि सुकी मासळी हाताळलेल्या बोटांचं मीठ त्या पिनेवर थोडंथोडं साठत गेलं. नुसतं स्वच्छ पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. त्यात मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण मोकळे होतात आणि वीज वाहते. उन्हाळ्यात हाच थर कोरडा, निरुपद्रवी असतो. आषाढ लागला की तो बटण दाबू लागतो.

उपाय साधा होता. फोन बंद केला. पिन मऊ कोरड्या कापडाने पुसली, मग कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुन्हा पुसली. फोनचं भोक खाली करून तो तासभर पंख्याखाली ठेवला. भोकात सुई, टाचणी, काडी घालायची नाही, कारण आतल्या नाजूक पट्ट्या वाकतात. तांदळाच्या डब्यातही फोन ठेवायचा नाही. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असं ॲपलनेच आपल्या ग्राहकांना सांगितलं आहे. संध्याकाळी भजन न थांबता वाजलं.

बोटातून गेलेली हाक

न मागता जागं होण्याची दुसरी वाट बटणांची आहे. आताच्या बऱ्याच फोनमध्ये बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद करण्याचा पर्याय येत नाही, असिस्टंट येतो. पिशवीत किंवा खिशात ते बटण दाबलं जातं आणि फोन ऐकू लागतो.

याहून घाबरवणारा प्रकार म्हणजे फोन प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचू लागतो आणि बोट लावलं तरी काही उघडत नाही. हा बिघाड नसतो. अंध व्यक्तींसाठी बनवलेली ‘टॉकबॅक’ ही सोय चुकून चालू झालेली असते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून धरली की ती चालू होते आणि तशीच पुन्हा दाबली की बंद होते. ती चालू असताना एका टिचकीने फोन फक्त नाव वाचतो, उघडण्यासाठी दोन टिचक्या लागतात आणि पडदा सरकवायला दोन बोटं. एवढं माहीत असलं तरी दुकानाची फेरी वाचते. आयफोनवर अशीच ‘व्हॉइसओव्हर’ची सोय असते. तिचा शॉर्टकट लावलेला असेल, तर बाजूचं बटण तीनदा दाबल्यावर ती चालू किंवा बंद होते.

शब्दातून गेलेली हाक

तिसरी वाट सगळ्यात गुंतागुंतीची आहे. ‘हे गूगल’ किंवा ‘हे सिरी’ म्हटल्यावर फोन उठतो, म्हणजे त्याआधीही तो ऐकत असणार. हे खरं आहे, पण ते ऐकणं वेगळ्या प्रकारचं असतं. फोनमध्ये कमी वीज खाणारा एक छोटा प्रक्रियक जागा राहतो. त्याचं काम एकच, तो ठरावीक शब्द आला का हे पाहणं. ॲपलने 2017 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. आवाजाचे सेकंदाला 16000 नमुने घेतले जातात, त्यांचे शतांश सेकंदाचे तुकडे पाडले जातात आणि अशा सुमारे वीस तुकड्यांवरून, म्हणजे 0.2 सेकंदाच्या आवाजावरून, कोणता ध्वनी असावा याचा अंदाज बांधला जातो. आधी छोटं न्यूरल नेटवर्क पाहतं. त्याला संशय आला तर मुख्य प्रक्रियक उठतो आणि मोठं नेटवर्क पुन्हा तपासतं.

यात ‘हो’ किंवा ‘नाही’ असं निखळ उत्तर नसतं. शब्द जुळण्याची शक्यता एका उंबरठ्याच्या वर गेली की फोन उठतो. उंबरठा खाली ठेवला तर भलत्याच शब्दाला उठतो, वर ठेवला तर मालकाने हाक मारूनही उठत नाही. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. 1922 च्या सुमारास अमेरिकेत ‘रेडिओ रेक्स’ नावाचा खेळण्यातला कुत्रा विकला जात होता. ‘रेक्स’ म्हटलं की तो आपल्या छोट्या घरातून बाहेर उडी मारायचा. त्या शब्दातल्या स्वरात सेकंदाला सुमारे 500 कंपनं असलेला जोर असतो आणि तेवढ्याच कंपनांनी त्याची स्प्रिंग सुटायची. तसाच जोर असलेला दुसरा आवाजही त्याला पुरेसा होता. शंभर वर्षांत कान खूप तयार झाला, पण हा पेच सुटलेला नाही. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2020 मध्ये आवाजी उपकरणांना मालिका आणि बातम्या ऐकवल्या, तेव्हा चुकून जागं करणारे हजाराहून जास्त शब्दसमूह त्यांना सापडले. इंग्रजी ‘इलेक्शन’ या शब्दाला अलेक्सा उठत होती आणि ‘ओके कूल’ला गूगल.

उठल्यावर पुढे काय होतं, हा खरा काळजीचा भाग आहे. हुकूम समजून घेण्यासाठी आवाज अनेकदा कंपनीच्या संगणकांकडे पाठवला जातो. सिरीने टिपलेले काही नमुने कंत्राटी कर्मचारी ऐकत होते, त्यात चुकून नोंदलेली खासगी संभाषणंही होती, हे 2019 मध्ये ‘द गार्डियन’ने उघड केलं. त्यानंतर ॲपलने ती पद्धत थांबवून परवानगीची अट घातली. सिरीच्या नकळत झालेल्या नोंदींवरून अमेरिकेत चाललेल्या दाव्यात, चूक मान्य न करता, 9.5 कोटी डॉलरच्या तडजोडीला ॲपल तयार झाल्याचं जानेवारी 2025 मध्ये समोर आलं.

आपल्याकडे 2023 मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. आणि संमती जितक्या सहज देता आली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. फोनमधल्या या कानाला हे तत्त्व लावून पाहा. चालू करायला एक होकार पुरतो आणि बंद करायला चार पडदे ओलांडावे लागतात. पडवीत जवळा निवडणाऱ्या बाईला ते चार पडदे सापडत नाहीत, याचा दोष तिच्याकडे नाही.

बंद कसं करायचं

फोनगणिक नावं थोडी बदलतात. गूगल असिस्टंटची जागा आता जेमिनी घेत असल्याने तर आणखीच. म्हणून सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत ‘असिस्टंट’, ‘व्हॉइस’ किंवा ‘जेमिनी’ असं लिहून शोधावं.

हाकेचा शब्द बंद करायला अँड्रॉइडवर गूगल ॲप उघडून आपल्या फोटोवर, मग सेटिंग्जवर, असिस्टंटवर आणि ‘हे गूगल व व्हॉइस मॅच’वर जावं आणि खटका बंद करावा. असिस्टंटच नको असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स आणि तिथे ‘डिजिटल असिस्टंट’समोर ‘काही नाही’ निवडावं. बाजूच्या बटणाचं काम ‘जेश्चर’ किंवा ‘साइड बटण’ या विभागात बदलता येतं. आयफोनवर सेटिंग्जमधल्या सिरी या विभागात हाकेचा शब्द आणि बाजूचं बटण दोन्ही वेगवेगळे बंद होतात, कुलूपबंद फोनवर सिरीने उत्तर देऊ नये अशीही सोय तिथेच आहे. बोलून फोन चालवायची ‘व्हॉइस कंट्रोल’ ही सोय मात्र ॲक्सेसिबिलिटीत असते, ती तिथे जाऊन बंद करावी.

एखादं ॲप माइक वापरतंय का, याची खूणही फोन देतो. अँड्रॉइड 12 पासून माइक चालू असला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आयफोनवर आयओएस 14 पासून नारिंगी ठिपका. काही बोलत नसताना अशी खूण दिसली, तर कोणतं ॲप ऐकतंय ते पाहावं. अँड्रॉइडवर वरून पट्टी ओढल्यावर ‘माइक ॲक्सेस’चा खटका असतो. तो बंद केला की ॲपना माइक मिळतच नाही.

कान कोणाच्या ताब्यात

हे सगळं वाचून आवाजाची सोयच वाईट, असं कोणी समजू नये. 2009 मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं आणि सपाट काचेचा फोन अंध माणसाला वापरता येऊ लागला. आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज नोंदवले, ते बाजारभाव नुसता बोलून विचारता यावा म्हणून. 2018 मध्ये गूगल असिस्टंट मराठी समजू लागला, तेव्हा टाइप करता न येणाऱ्या कितीतरी माणसांच्या हाती फोन खऱ्या अर्थाने आला.

त्या दिवशी मी काकींना विचारलं, सगळंच बंद करू का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, नको, लेकीला निरोप बोलून पाठवते ते राहू दे. कीबोर्डवरचा माइक त्या रोज वापरत होत्या, हे मला माहीत नव्हतं. आम्ही हाकेचा शब्द बंद केला, बाजूच्या बटणाला पुन्हा फोन बंद करायच्या कामाला लावलं आणि कीबोर्डवरचा माइक तसाच ठेवला.

इअरफोनची पिन पुसायला त्यांनी एक मऊ फडकं खिडकीत मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं. मग हात धुऊन, पदराला कोरडे करून फोन उचलला, माइकच्या चित्रावर स्वतः बोट टेकवलं आणि लेकीला सांगितलं, जवळा निवडून झालाय, रविवारी ये.