पाहुण्यांचं वायफाय वेगळं हवं

गणपतीपुळ्याच्या घरगुती निवासात पाहुणा टेकतो न टेकतो तोच पासवर्ड मागतो आणि यजमान घरचाच देऊन मोकळा होतो. त्याच जाळ्यात सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि हिशेबाचा संगणक असतो, म्हणून ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं हवं. पाहुणे भले असतात, हे मान्य. पण मोबाइलमध्ये काय शिरलंय ते त्यांनाही ठाऊक नसतं. खरी गोम जांभ्याच्या जाड भिंतींत आहे. त्यांतून ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल तर फारच अडतो, म्हणून केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा राउटर ब्रिज करतात. त्याचं डीएचसीपी बंदच ठेवावं; पत्ते वाटणारा एकच बरा. मात्र अशा जोडणीत बऱ्याच स्वस्त राउटरांचं गेस्ट नेटवर्क नावापुरतं उरतं. एकाच केबलवर दोन्ही जाळी खरोखर वेगळी ठेवणारी व्हीलॅनवाली उपकरणं महाग, हा आक्षेप रास्त आहे. पण पाहुण्यांच्या नेटवर्कवरून रेकॉर्डरचा पत्ता उघडतो का, हे तपासायला छदामही लागत नाही.