नोंद आदेशासोबतच हवी

पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत कर्मचाऱ्याची सारी नोकरी एका सेवापुस्तकात मावते. पहिल्या पानावर जन्मतारीख, अंकी आणि अक्षरी. पुढे नेमणूक, बदली, वेतनवाढ, वेतननिश्चिती आणि रजेचा हिशेब. नोंदीखाली कार्यालय प्रमुखाची सही नसेल, तर ती असून नसल्यासारखीच. हे पुस्तक चुकांमुळे बिघडते त्याहून जास्त उशिरामुळे बिघडते. रजेचेच पाहा. अर्जित रजा 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवस जमा होते आणि निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे रोखीकरण मिळते. ग्रामसेवकाने जुन्या तालुक्यात घेतलेली रजा पुस्तकात चढलीच नाही, की पुढच्या प्रत्येक सहामाहीची शिल्लक चुकत जाते. तोवर बदली होऊन पुस्तक नव्या तालुक्यात पोचलेले असते आणि आदेश जुन्या कार्यालयाच्या गठ्ठ्यात पडून राहतो.

लिपिक कमी, टेबलावर कामे फार, ही तक्रार खरीच आहे. पण न केलेली नोंद काम वाचवत नाही, पुढच्या लिपिकाच्या माथी मारते. निवृत्तिवेतनाचे प्रकरण तयार करताना जुने आदेश शोधा, पत्रव्यवहार करा, वेतन पडताळणी पथकाचे आक्षेप निस्तरा, असे मागे लागते. वेतननिश्चितीतली चूक तेव्हा उघडी पडली, तर वसुलीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली रफिक मसीह प्रकरणात गट क व ड मधील कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करण्यास मनाई केली. म्हणजे कर्मचारी वाचतो, पण भुर्दंड सार्वजनिक तिजोरीला बसतो.

सेवापुस्तक संगणकावर आले की हे सारे मिटेल, असेही म्हटले जाते. हरवण्याची, फाटण्याची भीती त्याने नक्कीच जाईल. मात्र कोरा रकाना स्कॅन केला तरी कोराच राहतो. खरी पडताळणी ज्याची नोकरी आहे तोच करू शकतो. म्हणून दरवर्षी पुस्तक दाखवून त्याची सही घ्यायची असते. ही सही अनेकदा न वाचताच होते, हा आक्षेप रास्त आहे. पण जन्मतारखेतील बदलाचा अर्ज नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतच करावा लागतो, हे रुजू होतानाच सांगितले, तर निदान पहिले पान तरी वाचले जाईल. बाकीच्या पानांसाठी कार्यालयाने एकच शिस्त पाळावी: सेवापुस्तकातला पान क्रमांक आदेशाच्या स्थळप्रतीवर लिहिल्याशिवाय ती नस्तीला लावायची नाही.