नऊपर्यंत भरती, मग ओहोटी

अलिबागचा पिनकोड ४०२२०१. त्यातल्या अंकांची बेरीज ९, आणि ४०२२०१ ला ९ ने भागलं की बाकी न उरता ४४६८९ येतात. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, अशा संख्येला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. रायगडच्या किनाऱ्यावर हा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मुरूडचा ४०२४०१, श्रीवर्धनचा ४०२११०, उरणचा ४००७०२, तिघेही हुकतात.

कापरेकरही किनाऱ्यावरचेच. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' जगभर पोचला. त्यांच्या 'डेम्लो' संख्या मात्र त्या मानाने मागे राहिल्या. हे नाव त्यांनी रेल्वेच्या एका स्टेशनावरून घेतलं. कल्पना तिथेच सुचली होती. त्यातली सर्वांत देखणी संख्या ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

नऊपर्यंत भरती, मग ओहोटी. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थाननामं लावली तर पहिला १ 'मध्य' या स्थानी बसतो, २ 'अंत्य' स्थानी आणि ३ चक्क 'जलधी'त, म्हणजे समुद्रात.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. गुणाकार वहीत मांडला की एकाखाली एक नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच १ असतो, दुसरीत दोन, असं करत मधल्या रांगेत नऊ. तिथून पुढे उतार. कोणत्याही रांगेची बेरीज दहाला पोचत नाही, म्हणून हातचा येत नाही आणि रांगांची उंची जशीच्या तशी उत्तरात उमटते.

यातूनच आणखी एक गंमत निघते. मांडणीत एकूण ८१ एक आहेत. हातचा नसल्याने एकही हरवत नाही, म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीज बरोबर ८१. शिवाय १११११११११ ला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९, त्यात ८ नाही), म्हणजे वर्गाला ८१ ने जाणारच. अलिबागच्या पिनकोडसारखीच ही सतरा अंकी संख्याही हर्षद!

आता फक्त एक १ वाढवायचा. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रांगेत दहा झाले, हातचा शेजारी गेला, तिथल्या नऊचेही दहा झाले आणि पुन्हा हातचा. दहाऐवजी शेजारी १ जातो, तेव्हा प्रत्येक हातच्यामागे बेरजेतून ९ गळतात. मांडणीतले एक १००, हातचे दोन, उरले ८२. संख्या विषम, ८२ सम. भाग जाण्याचा प्रश्नच नाही.